टेलिफोटो लेन्स घेण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. चोपडा तालुक्यातला, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकणारा एक विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या हातात एका दुकानाचे माहितीपत्रक होते आणि त्यातल्या १५० ते ६०० मि.मी.च्या टेलिफोटो लेन्सभोवती पेनाने गोल काढलेला होता. किंमत जवळजवळ एका मोटारसायकलीएवढी. वडील केळीचे बागाईतदार. बागाईत म्हणजे सुबत्ता असे ज्यांना वाटते त्यांनी करप्याचे एखादे वर्ष आमच्या खानदेशात काढून पाहावे. “पोराला पाखरांचा नाद आहे, आणि नाद चांगला आहे,” ते म्हणाले. “यंदा केळीचे दोन पैसे हातात आहेत. तुम्ही फिजिक्सचे सर. तुम्ही म्हणाल ती घेऊ.”

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. मुलाला मात्र एक गृहपाठ दिला. तो काय होता ते पुढे येईलच. हाच प्रश्न मला शाळांतून व्याख्यानाला गेलो असता विद्यार्थी विचारतात, शिक्षकही विचारतात, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. लेन्स निवडण्याची सुरुवात लेन्सपासून करणे हीच पहिली चूक आहे. सुरुवात पक्ष्यापासून करावी, आणि तीही तो आपल्याला किती अंतरावर उभे राहू देतो येथपासून.

प्रथम थोडे भिंगाविषयी. दहावीच्या पुस्तकात तुम्ही बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर शिकता. प्रयोगशाळेतले २० सें.मी. नाभीय अंतराचे भिंग खिडकीसमोर धरून समोरच्या भिंतीवर दूरच्या झाडाची उलटी प्रतिमा पाडण्याचा प्रयोग बहुतेकांनी केला असेल. ते भिंग म्हणजे २०० मि.मी.ची लेन्सच होय! इतकेच काय, आजोबांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर +२ असेल तर त्याचे नाभीय अंतर अर्धा मीटर, म्हणजे ५०० मि.मी. भरते. मग दुकानातली लेन्स एवढी महाग का? कारण एकाच भिंगाने पाडलेल्या प्रतिमेच्या कडांना रंग फुटतात, कोपरे अस्पष्ट होतात, आणि चष्म्याच्या भिंगाच्या सगळ्या रुंदीतून प्रकाश येऊ दिला तर प्रतिमा धूसर होते. हे दोष घालवण्यासाठी वेगवेगळ्या काचेची दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त भिंगे एकापुढे एक बसवावी लागतात. ‘टेलिफोटो’ या शब्दाचा खरा अर्थही येथेच सांगतो. पुढे बहिर्वक्र गट आणि मागे अंतर्वक्र गट अशी रचना केली की लेन्सची नळी तिच्या नाभीय अंतरापेक्षा आखूड ठेवता येते. इंग्लंडमध्ये डॅलमायर आणि जर्मनीत मीथे यांनी १८९१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा लेन्स तयार केल्या. तेव्हा टेलिफोटो म्हणजे लांबचे दाखवणारी एवढेच नव्हे, तर लांबी आटोक्यात ठेवून लांबचे दाखवणारी.

आता मुख्य सूत्र. वस्तू भिंगापासून पुष्कळ दूर असेल तर

प्रतिमेची उंची = नाभीय अंतर × वस्तूची उंची ÷ वस्तूचे अंतर.

या एका ओळीत निवडीचे निम्मे शास्त्र आहे. वस्तूची उंची निसर्गाने ठरवलेली. राहिली दोन पदे : नाभीय अंतर आणि वस्तूचे अंतर. नाभीय अंतर पैशाने वाढवता येते, आणि वस्तूचे अंतर पायांनी कमी करता येते, असे आपण समजतो. दुसरा समज चुकीचा आहे. अंतर आपण ठरवत नाही, पक्षी ठरवतो. प्रत्येक पक्ष्याची एक मर्यादा असते. तिच्या आत पाऊल पडले की तो आधी मान वर करतो, चरणे थांबवतो, मग उडतो. घरट्यावर असेल तर अंडी किंवा पिले सोडून उडतो.

हतनूरच्या धरणावर बदके पाहायला गेलो असता एका वृद्ध रखवालदाराला मी माझ्या लेन्समधून एक चक्रवाक दाखवला होता. त्याने एक डोळा मिटून पाहिले, मग मान बाहेर काढून पाण्याकडे पाहिले, पुन्हा आत पाहिले आणि हसून म्हणाला, “पाखरू तं तठेच शे!” पाखरू तर तिथेच आहे. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘लेन्सने पक्षी जवळ येतो’ असे त्याला नुकतेच सांगितले होते, हे येथे कबूल करतो.

लेन्स पक्ष्याला जवळ आणत नाही, प्रतिमा मोठी करते. आणि प्रतिमेबरोबर ती आणखी पुष्कळ गोष्टी मोठ्या करते. एक सोपा प्रयोग करून पाहा. लेझरचा छोटा दिवा हातात धरून दहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. (कोणाच्याही डोळ्यांवर तो जाऊ देऊ नका, आणि आरशावर तर नाहीच नाही.) हात कितीही आवरला तरी ठिपका नाचतो. तो सेकंदाभरात इकडून तिकडे एकूण १० सें.मी. धावतो असे धरू. तुमचा आकडा तुम्ही मोजा. दहा मीटरवर १० सें.मी. म्हणजे सेकंदाला एक शतांश रेडियन. तेवढाच हात कॅमेरा धरतानाही हलतो. ३०० मि.मी.च्या लेन्समागे प्रतिमा सेकंदाला ३ मि.मी. सरकेल, शटर १/३०० सेकंद उघडे असेल तर ती मि.मी.च्या शंभराव्या भागाएवढी सरकून जाते. ६०० मि.मी.ला प्रतिमा दुप्पट वेगाने सरकते, म्हणून शटरचा वेळ निम्मा, १/६०० सेकंद, करावा लागतो. ‘नाभीय अंतर जेवढे मि.मी., तितकावा भाग सेकंद’ हा छायाचित्रकारांचा जुना नियम येथून येतो. आजकाल लेन्समध्ये कंप शोषणारी यंत्रणा असते, ती हाताचा कंप बराच कमी करते. पण वाऱ्याने हलणारी फांदी आणि मान फिरवणारा पक्षी तिला थांबवता येत नाही.

वेळ निम्मा केला की प्रकाशही निम्मा. तो भरून कोठून काढणार? लेन्सच्या तोंडाच्या रुंदीतून. माझ्या मते विद्यार्थ्याने दुकानात विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा आकडा ‘किती एक्स’ हा नव्हे, ‘किती मि.मी.’ हासुद्धा नव्हे, तर लेन्सच्या द्वाराचा व्यास किती, हा आहे. तो तिच्यावर सरळ लिहिलेला नसतो, पण काढता येतो. नाभीय अंतराला एफ-क्रमांकाने भागावे. ३०० मि.मी., एफ/४ म्हणजे व्यास ७५ मि.मी. ३०० मि.मी., एफ/५.६ म्हणजे सुमारे ५४. ६०० मि.मी., एफ/६.३ म्हणजे सुमारे ९५. आणि व्यावसायिक छायाचित्रकार जी तोफेसारखी लेन्स तिपाईवर चढवतात, ती ६०० मि.मी., एफ/४, तिचा व्यास १५० मि.मी., जेवणातल्या ताटलीएवढा.

प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात आत येतो, म्हणून व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट. परंतु काच घनाच्या प्रमाणात वाढते. आकार तसाच ठेवून व्यास दुप्पट केला की काच आठपट. एवढ्या मोठ्या काचेत बुडबुडा नको, रेघ नको, ताण नको. किंमत आणि वजन का भडकते हे आता समजेल. आणि नाभीय अंतर वाढवून व्यास तेवढाच ठेवला तर? तर तेवढाच प्रकाश अधिक मोठ्या प्रतिमेवर पसरतो. दुप्पट मोठ्या प्रतिमेचे क्षेत्रफळ चौपट, म्हणून उजेड पावपट. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे ‘दुप्पट करणारे’ जोडभिंग स्वस्तात मिळते, त्याची खरी किंमत ही आहे.

प्रकाशाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचे नाव खानदेशात छायाचित्रणाची आवड असलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. आयुष्याची कित्येक दशके हा मनुष्य आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी जी छायाचित्रे काढली त्यांना देशविदेशांत पारितोषिके मिळाली. वन्यप्राणी आणि टेबलावरच्या वस्तू यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की वस्तू लांब आहे की जवळ यापेक्षा तिच्यावर उजेड कोठून पडतो याचा विचार त्यांनी अधिक केला. आमची मुले सकाळी अकरा वाजता कॅमेरा घेऊन निघतात आणि चित्र खराब आले की लेन्सला दोष देतात.

अकरा वाजता खानदेशात काय होते ते सांगतो. एप्रिलमध्ये नांगरलेल्या काळ्या रानावर उन्हाची लहर तुम्ही पाहिली असेल. जमिनीलगतची हवा तापून विरळ होते, तिचा अपवर्तनांक किंचित कमी होतो, गरम आणि थंड हवेचे गोळे एकमेकांत मिसळत राहतात, आणि प्रत्येक गोळा एका कच्च्या भिंगासारखे काम करतो. फरक किती? हवेचा अपवर्तनांक एकापेक्षा फक्त ०.०००३ ने जास्त असतो, आणि तापमान ३० अंशांनी वाढले तर त्या जास्तीत सुमारे एक दशांशाची घट होते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ६०० मि.मी. लेन्समागे सेन्सरचा एक बिंदू मि.मी.च्या ०.००४ भाग रुंद असेल, तर तो आकाशातल्या अवघ्या १.४ विकला कोनाएवढा भाग टिपतो. खगोलशास्त्रज्ञ उंच पर्वतावर, मध्यरात्री, सरळ वर पाहताना हवेमुळे ताऱ्याची प्रतिमा एक विकलेपर्यंत पसरली तर रात्र चांगली समजतात. आपण भर दुपारी तापल्या जमिनीलगत आडवे दोनशे मीटर पाहणार! तेथे ६०० काय आणि १२०० काय, मोठी होते ती फक्त लहर. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते तेव्हा सूर्योदयानंतरचे दोन तास सोडले तर लांब लेन्स पिशवीत ठेवलेली बरी.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. साधारण वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, मी एक वापरलेली ५०० मि.मी.ची आरशाची लेन्स घेतली. तिच्यात दुर्बिणीप्रमाणे अंतर्वक्र आरसा असतो आणि मध्यभागी एक छोटा आरसा प्रकाशाची वाट परत वळवतो, त्यामुळे ती हलकी, आखूड आणि स्वस्त असते. एफ-क्रमांक मात्र कायमचा ८. कमी-जास्त करण्याची सोय नाही. मी त्या वेळी एम.एस्सी. झालेला, प्रकाशिकीचे तास घेणारा मनुष्य. पण दुकानात उभे राहून मला फक्त ५०० हा आकडा दिसला. डिसेंबरच्या पहाटे हतनूरला ३६ चित्रांचे रीळ संपवले. धुऊन आले तेव्हा दोन चित्रांत पक्षी ओळखू येत होता. बाकीच्यांत हात हललेला, आणि मागच्या पाण्यावरच्या चमकत्या ठिपक्यांची कंकणे झालेली. मधला छोटा आरसा प्रकाशाच्या शंकूत भोक पाडतो, म्हणून केंद्राबाहेरचा प्रत्येक ठिपका वडा-मेदूसारखा दिसतो. दोष लेन्सचा नव्हता. ती जे करते ते भौतिकशास्त्राला धरूनच होते. मी गणित केले नव्हते.

त्याच लेन्सची दुसरी आठवण सांगावी की नाही, असा विचार करत होतो. सांगतो. एका एप्रिलमध्ये गिरणेच्या पात्रातल्या वाळूगोट्यांत टिटवीची चार अंडी सापडली. आम्ही तिघे होतो. टिटवी उडाली आणि ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. मजजवळ ५०० मि.मी. होती, पंचवीस-तीस मीटरवर बसून ती परत येण्याची वाट पाहता आली असती. पण तिचा डोळा, डोळ्यापुढचा तो लाल पदर, सगळे चौकटीत भरून हवे होते. आम्ही दहा-बारा पावलांवर बसलो. ती येईना. एवढ्या उन्हात टिटवी अंडी ‘उबवत’ नसते, ती त्यांच्यावर सावली धरते, आणि पोटाची पिसे भिजवून येऊन त्यांना गार ठेवते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही अर्धा तास बसलो. हवेचे तापमान ४० च्या वर, गोटे त्याहून तापलेले. त्या अंड्यांचे पुढे काय झाले ते पाहायला मी पुन्हा गेलो नाही. जाण्याचे धैर्य झाले नाही, हे खरे.

माझे धुळ्याचे एक स्नेही, तेही शिक्षक आणि नकाणे तलावावरचे नित्याचे पक्षिनिरीक्षक, माझ्याशी या बाबतीत वाद घालतात. त्यांचे म्हणणे असे की पोरांच्या हातात आखूड लेन्स दिली की पोरे पक्ष्याच्या अंगावर जातात. लांब लेन्स ही पक्ष्याचीच सोय आहे, तेव्हा पैसे असतील तर ६०० घ्यावी. त्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. पाणपक्ष्यांसाठी, आणि जेथे पुढे पाऊल टाकताच येत नाही तेथे, लांब लेन्सला पर्याय नाही. पण दुसऱ्या निम्म्याला गिरणेकाठची टिटवी हे माझे उत्तर आहे. लांब लेन्सवाला तेथेच थांबत नाही. ३०० वाल्याला पूर्ण पक्षी हवा असतो, ६०० वाल्याला त्याच्या डोळ्यातली चमक. दोघेही पुढे सरकतात. म्हणून आधी अंतर ठरवावे, त्या अंतरावरून काय मिळेल याचे गणित करावे, आणि हवे ते मिळत नसेल तर ते चित्र सोडून द्यावे.

आपल्या भागातलेच एक उदाहरण या गणितासाठी उत्तम आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा, सुमारे २३ सें.मी. उंचीचा छोटा पक्षी. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशात इंग्रज अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये येथे मिळवलेला नमुना हा त्याचा शेवटचा खात्रीचा पुरावा ठरला. त्यानंतर हा पक्षी कोणालाच सापडेना. १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा माइनर्ट्‌झहागेन यांनी केला होता. पण तो नमुना डेव्हिडसन यांच्याच जुन्या नमुन्यांपैकी एक चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून केलेला होता असे पुढे सिद्ध झाले. त्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून लोक चुकीच्या जागी शोध घेत राहिले. शेवटी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकन अभ्यासकांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

आता प्रश्न असा की, गावागावांत वडावर नाहीतर जुन्या भिंतीत असणारा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा चित्रावरून वेगळे कसे ओळखायचे? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. ठिपका दोन मि.मी.चा धरू. पक्षी २० मीटरवर. ३०० मि.मी.च्या लेन्समागे त्या ठिपक्याची प्रतिमा ०.०३ मि.मी. पडेल, सेन्सरचा बिंदू ०.००४ मि.मी.चा असेल तर सात बिंदू. ठिपका आहे की नाही हे सांगायला सात बिंदू पुरेसे. ५० मि.मी.च्या साध्या लेन्सला मात्र एकच बिंदू मिळेल, म्हणजे काहीच नाही. ६०० ला पंधरा मिळतील. चित्र अधिक देखणे येईल, उत्तर तेच राहील. संपूर्ण पक्षी ३०० ला साडेतीन मि.मी. उंच दिसेल. १६ मि.मी. उंचीच्या सेन्सरवर साधारण पाचवा हिस्सा. भिंतीवर लावायला लहान, ओळख पटवायला भरपूर.

रानपिंगळा दिवसा वावरतो, आणि हिवाळा सरता सरता साग पाने टाकतो तेव्हा सातपुड्यात उजेड भरपूर असतो. म्हणून त्याच्यासाठी ताटलीएवढ्या तोंडाची लेन्स लागत नाही. लागतो तो संयम. त्याचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला समोर आणण्याची एक वाईट पद्धत पसरली आहे. आपल्या हद्दीत दुसरा आला असे समजून तो चवताळून येतो, चित्र झकास मिळते, आणि त्याची शिकारीची किंवा पिलांना भरवण्याची वेळ वाया जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे ते उगाच नव्हे. ज्या मुलाच्या वहीत हे गणित लिहिलेले आहे त्याला आवाज वाजवण्याची गरज का पडावी?

‘एक्स’ या अक्षराविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण शाळेतल्या मुलांना त्याची फार भुरळ पडते. एक्स म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नाभीय अंतरांचे गुणोत्तर. २०१८ मध्ये आलेल्या निकॉन पी १००० या कॅमेऱ्यावर १२५ एक्स लिहिलेले असते. ४.३ पासून ५३९ मि.मी. पर्यंत, भागाकार करून पाहा. जाहिरातीत तेच ३००० मि.मी.च्या बरोबरीचे म्हणून येते, कारण त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, म्हणजे प्रतिमेचा फक्त मधला तुकडा घेणारा आहे. लांबच्या टोकाला त्याचा एफ-क्रमांक ८; म्हणजे द्वाराचा व्यास सुमारे ६७ मि.मी. हा व्यास प्रामाणिक आहे, उन्हात तो कॅमेरा छान चालतो, मी त्याची निंदा करत नाही. पण ३००० हा आकडा वाचून ६०० च्या पाचपट बारकावा दिसेल असे समजणाऱ्याची फसगत होईल. बारकाव्याची अंतिम मर्यादा विवर्तनाने, म्हणजे व्यासानेच ठरते, आणि ९५ पुढे ६७ हे ६७च.

आता त्या मुलाचा गृहपाठ. मी त्याला सांगितले होते की महिनाभर काहीही विकत घेऊ नकोस. वडिलांच्या मळ्यात आणि गावच्या तलावावर जा. प्रत्येक पक्ष्याकडे हळूहळू चालत जा. तो चरणे थांबवून मान वर करील तेथे थांब, अंदाजाने अंतर घे, मागे फीर. तो गेल्यावर पावलांनी मोजून वहीत लिही. घरटे दिसले तर हा प्रयोग तेथे करायचा नाही.

डिसेंबरच्या शेवटी तो वही घेऊन आला. वेडा राघू, तारेवर : ८ मीटर. नीलकंठ : २५. टिटवी : ३०. शेतातला बगळा, पाणी चालू असताना : १२, पाणी बंद असताना : ३५. (हे निरीक्षण मला फार आवडले. पाण्याबरोबर किडे वर येतात तेव्हा बगळ्याला माणसाची फिकीर नसते.) तलावावरची बदके : ९० आणि त्याहून जास्त. मग आम्ही दोघांनी फळ्यावर सूत्र मांडले. ३०० मि.मी.ला वेडा राघू सुमारे पावणेसात मि.मी., म्हणजे चौकटीच्या निम्म्या उंचीच्या जवळपास. नीलकंठ चौकटीच्या चौथ्या हिश्शाएवढा. बदके दोन मि.मी.; एकेकटी नकोच, पण थवा पूर्ण येतो आणि मोजता येतो.

फळ्याकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, “सर, म्हणजे बदके सोडली तर ३०० पुरते.” मी म्हटले, मळ्यात तर पुरतेच. त्याने ७० ते ३०० ची, कंप शोषणारी साधी लेन्स घेतली, आणि आठपट वाढवणारी, ४० मि.मी. तोंडाची एक द्विनेत्री दुर्बीण. चित्र काढण्यापूर्वी पाहायला शिकावे यासाठी दुर्बीण मी आग्रहाने घ्यायला लावली. उरलेल्या पैशांतून वडिलांनी मळ्यातल्या ठिबकच्या नळ्या बदलल्या. बदकांवरून आमचा वाद अजून मिटलेला नाही. येत्या हिवाळ्यात तो माझ्याबरोबर हतनूरला येणार आहे, आणि येताना कोणाची तरी ६०० मि.मी. एका दिवसासाठी मागून आणणार आहे. तिपाई माझी.